अलास्काची क्रूझ: आम्ही दोघं आणि माई

ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून आमच्या घरात प्रवास हा विषयच बंद झाला होता. भांडण वगैरे काही नाही, पण कुठल्याही गावाचं नाव काढलं की हे म्हणायचे, तू जाऊन ये, माझ्या पायी सगळ्यांचा खोळंबा कशाला. आणि ह्यांना घरी ठेवून मी काही जायची नाही. अशी दोन वर्षं गेली.

जून २०२४ मध्ये आम्ही मुलाकडे सिॲटलला होतो, बरोबर माझ्या नणंदबाई, ह्यांच्या मोठ्या बहीण, त्यांना आम्ही सगळे माई म्हणतो, वय ७८, हातात काठी पण डोकं एकदम तल्लख. ही क्रूझ ठरली होती निघायच्या पाच महिने आधीच. सून फोनवर म्हणाली, आई, इथून अलास्काला बोट जाते, सात रात्री, सामान एकदाच उघडायचं, तुम्ही तिघं जा, आम्हाला रजा नाही पण पोचवायला आणि न्यायला येतो. आम्ही एक एफडी मोडली आणि बुकिंग केलं. मुलगा पैसे देत होता पण ह्यांनी घेतले नाहीत.

जाणाऱ्यांसाठी आधी एक महत्त्वाचं सांगते. अमेरिकेचा व्हिसा आहे म्हणजे झालं असं नाही हं. सिॲटलहून निघणारी बोट कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबते, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर कॅनडाचाही व्हिसा लागतो, आणि परत यायचं म्हणून अमेरिकेचा मल्टिपल एंट्री हवा. बोट तिथे का थांबते तर अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या बोटीने अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नुसती प्रवासी वाहतूक करायची नाही, मधे परदेशातलं एखादं बंदर घ्यायचं, आणि बहुतेक सगळ्या मोठ्या क्रूझ परदेशी झेंड्याच्याच असतात. आम्ही कॅनडाचं काम भारतातूनच करून निघालो, बायोमेट्रिक वगैरे सगळं. आणि इन्शुरन्स घेताना वयाची अट आणि आधीचे आजार हे दोन्ही नीट वाचा, बोटीवर डॉक्टर असतो पण त्याचं बिल वेगळं लागतं.

पहिला दिवस, सिॲटल

धक्का शहराच्या अगदी मधे, पाईक प्लेस मार्केटपासून जवळ. गाडीतून उतरल्या उतरल्या पोर्टरने बॅगा घेतल्या, त्यांना रूमचे टॅग आधीच लावलेले होते, त्या संध्याकाळी थेट रूमच्या दारात. म्हणून गोळ्या, चष्मे, शाल आणि एक जोडी कपडे खांद्यावरच्या पिशवीतच ठेवायचे. माईंसाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. ह्यांना पण विचारलं तर नको म्हणाले, पण रांग बघून मग बसले.

रूम आम्ही मुद्दाम बोटीच्या मध्यभागी, लिफ्टजवळ घेतली होती. टोकाला डोलणं जास्त जाणवतं आणि लांबलचक कॉरिडॉर चालावे लागतात, ते गुडघेवाल्यांचं काम नाही. माईंची रूम शेजारीच. बाथरूमला उंबरठा आहे, रात्री अंधारात पाय अडकेल असा, म्हणून तिथला दिवा रात्रभर चालू ठेवायचं ठरवलं. उदबत्ती, काडेपेटी, इस्त्री, किटली काही आणायचं नाही असा नियम असतो, आगीची भीती म्हणून. माईंनी देव्हाऱ्याचा छोटा फोटो टेबलावर ठेवला आणि हात जोडले, म्हणाल्या दिवा मनातल्या मनात.

निघायच्या आधी सगळ्यांना आपापल्या जागी नेऊन लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात. हे टाळू नका, नीट बघा.

मग भोंगा वाजला. मी वरच्या डेकवर कठड्याला धरून उभी होते आणि तो आवाज असा पोटात शिरला की मी नऊ-दहा वर्षांची झाले. भाऊचा धक्का, पत्र्याची ट्रंक, आईच्या हातात लिंबू, आणि आमची वेंगुर्ल्याची बोट. 'कोकण सेवक' असायची. डेकवर सतरंजी टाकून जागा धरायची, रात्रभर वारं, शेजारच्या कुटुंबाचे दशम्या-चटणीचे डबे आपल्यात आणि आपले त्यांच्यात. वेंगुर्ल्याला बोट लांब उभी राहायची आणि पडावात उतरायचं, खाली पाणी हलतंय आणि वरून कोणीतरी हाताला धरून सोडतंय, खालचा खलाशी अलगद झेलतोय. ती बोट बंद झाल्यावर मी समुद्राने कधी गेलेच नव्हते, विचार करा, पन्नास वर्षं! हे शेजारी खुर्चीत बसले होते, त्यांना म्हणलं, ऐकलात का भोंगा? ते नुसते हसले, पण माझा हात सोडला नाही त्यांनी बराच वेळ. मागे सिॲटलचा उंच मनोरा, स्पेस नीडल, लहान लहान होत गेला.

दुसरा दिवस, नुसता समुद्र

सिॲटलहून निघालेल्या बऱ्याच बोटी व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरच्या अंगाने, म्हणजे उघड्या पॅसिफिकमधून वर जातात, त्यामुळे ह्या दिवशी थोडं डोलतं. मी ठाण्याहून आलेपाक आणला होता. सकाळी तिघांनी एक एक वडी तोंडात टाकली, पोट रिकामं ठेवलं नाही, आणि खिडकीतून लांब क्षितिजाकडे बघत बसलो, कोणालाच काही झालं नाही. ज्यांना जास्त त्रास होतो त्यांनी निघायच्या आधीच डॉक्टरांना गोळी विचारून घ्यावी, शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असतात ना आपल्या.

ह्या दिवशी घड्याळ एक तास मागे करायचं, अलास्काची वेळ.

जेवणाची मला धास्ती होती. माई शुद्ध शाकाहारी, अंडं पण नाही. बुकिंगच्या वेळीच कळवलं होतं तरी पहिल्या रात्रीचं सूप विचारलं तर कोंबडीच्या पाण्यातलं निघालं, बरं झालं विचारलं. पण आमच्या टेबलावरचा वाढपी गोव्याचा, सासष्टीचा. माईंचं मराठी कानावर पडल्याबरोबर वळला आणि कोकणीत विचारलं, तुमी खंयचीं? झालं, माईंचं माहेर वेंगुर्ल्याजवळचं, म्हणजे ह्यांचं पण गाव तेच, त्या थेट मालवणीत सुरू झाल्या. त्याचे वडीलपण तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला, आजोबापण. गोव्यातली कितीतरी घरं अशी बोटीवरच्या पगारावर उभी आहेत. त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचा मेनू आणून माईंना दाखवायचा, त्या बोट ठेवतील ते किचनमध्ये सांगायचा. बुफेत रोज एखादी डाळ आणि भात असायचाच पण माईंना भाजी गरम वेगळी यायची. रोजची टीप बिलात आपोआप लागते, तरी आम्ही त्याला वेगळं पाकीट केलं.

दुपारी काचेच्या मोठ्या हॉलमध्ये बसून आम्ही पाच-तीन-दोन खेळलो. तिघांचाच तो खेळ. माई आणि हे भाऊबहीण लग्नानंतर असे निवांत पत्त्यांना बसलेच नव्हते, ५० वर्षांनी बसले, आणि माईंनी पहिल्याच डावात हात ओढायला सुरुवात केली तेव्हा ह्यांचा चेहरा सातवीतल्या मुलासारखा झाला होता.

तिसरा दिवस, जुनो

जुनो ही अलास्काची राजधानी पण तिथे बाहेरून येणारा रस्ताच नाही, विमानाने नाहीतर बोटीने यायचं. मागे डोंगर, पुढे पाणी.

इथे आम्ही पहिल्यांदा वेगळे झालो. मला देवमासे बघायचे होते, त्यासाठी बस आणि मग छोटी बोट. ह्यांनी सकाळीच सांगितलं, तू जा, मी आणि माई इथेच. मी नेहमीसारखं नाही म्हणणार तेवढ्यात ह्यांनी बाल्कनीचं दार उघडलं. समोर धुक्यात अर्धा डोंगर, त्यावरून बारीक बारीक धबधबे, खाली पाण्यावर समुद्री विमानं उतरतायत. म्हणाले, मी काय घरी बसतोय का? मी अलास्कात बसतोय.

हे वाक्य मी विसरणार नाही. बस टूरमध्ये एक जण थांबला की तो हॉटेलच्या खोलीत भिंतीकडे बघत बसतो आणि जाणाऱ्याचा जीव मागे अडकतो. इथे खोलीच प्रवासाला निघालेली असते.

मी गेले. ऑक बेच्या धक्क्यावरून निघालो, पाऊस भुरभुरत होता. हंपबॅक जातीचे देवमासे हिवाळ्यात हवाईकडे गरम पाण्यात पिल्लं घालायला जातात, तिथे त्यांना खायला जवळजवळ मिळतच नाही, मग उन्हाळ्यात हजारो मैल पोहून इथे खायला येतात. आधी फुस्स करून पाण्याचा फवारा दिसतो, मग काळी पाठ, आणि खोल जाताना ती शेपटी सबंध वर येते, पाणी निथळत, आणि सावकाश आत जाते. शेपटीच्या खालचे काळे-पांढरे ठसे प्रत्येकाचे वेगळे असतात, आपल्या अंगठ्यासारखे, त्यावरून अभ्यासक त्यांना ओळखतात. मी चार शेपट्या बघितल्या. बोटीवरचे सगळे फोटो काढत होते, माझ्याकडून नाही निघाला, हात थरथरत होता थंडीने आणि आनंदाने पण.

परतल्यावर अजून वेळ होता म्हणून तिघं मेंडनहॉल ग्लेशियरला जाऊन आलो, शहरापासून साधारण १३ मैल. तिथे समोरून बघायची जी पायवाट आहे ती पक्की, सपाट, व्हीलचेअर व्यवस्थित जाते. ग्लेशियर वर्षावर्षाने मागे चाललंय हे तिथल्या जुन्या फोटोंत दिसतं, वाईट वाटतं. एक सूचना, इथे भरती-ओहोटीचा फरक खूप, त्यामुळे सकाळी उतरताना सपाट असलेला पूल संध्याकाळी चांगला चढाचा झालेला असतो. काठीवाल्यांनी लवकर निघावं आणि स्टाफला हाक मारावी, ते येतात.

रात्री दहापर्यंत उजेड. माई म्हणाल्या, अगं, शुभं करोति म्हणायचं कधी?

चौथा दिवस, स्कॅगवे

आज तिघंही रेल्वेत. व्हाइट पास अँड युकॉन रूट, १८९८ ला बांधायला घेतली आणि १९०० ला पुरी केली. गेज तीन फुटांचा, आपल्या माथेरानच्या गाडीचा दोन फूट, त्यामुळे बघितल्याबरोबर जवळची वाटली. ह्यांनी सगळी नोकरी रेल्वेत काढली, तेव्हा ह्यांच्या डोळ्यांत जे काही आलं होतं ते मला अलास्काच्या बर्फापेक्षा बघण्यासारखं वाटलं. चढ किती टक्के (जवळपास ३.९), वळण किती अंशांचं, ब्रेक कसला, गाईडला सगळं विचारून झालं. व्हीलचेअर चढवायला लिफ्ट असलेला डबा आहे, आधी सांगावं लागतं.

२० मैलांत गाडी जवळपास ३,००० फूट चढते. हे सगळं बांधलं सोन्यासाठी. १८९६ ला कॅनडातल्या क्लोंडाइक भागात सोनं सापडलं, १८९७ च्या जुलैत सोनं घेऊन बोट सिॲटलला लागली आणि लोक घरदार सोडून पळत सुटले. कॅनडाचे पोलीस हद्दीवर अडवायचे, वर्षभराची शिधासामग्री असेल तरच पुढे, म्हणजे माणशी जवळजवळ एक टन सामान, ते पाठीवर नाहीतर घोड्यांवर टाकून ह्या कड्यांवरून न्यायचं. त्या वाटेवर सुमारे ३,००० जनावरं मेली. गाडी त्या घळीवरून जाते, नावच डेड हॉर्स गल्च. गाईडने सांगितलं तेव्हा डबा गप्प झाला. माईंनी खिडकीतून खाली बघून हात जोडले, आणि जुनी पायवाट खडकावर अजून रेघेसारखी दिसते ती मी बघत राहिले. कोणाच्या तरी आया-बायका घरी वाट बघत असतील ना त्यांच्या.

वर हद्दीजवळ पोचलो आणि माझ्या मोबाईलने वेळ एकदम एक तास पुढे दाखवली. माझ्या पोटात गोळा, बोट सुटली तर! कॅनडाच्या टॉवरची वेळ पकडली होती फोनने. ह्यांच्या हातात साधं घड्याळ, एचएमटीचं, किल्लीचं, त्यावर बोटीची वेळ बरोबर. तेव्हा क्रूझला जाताना एक साधं घड्याळ न्याच.

परतताना इंजिन फिरवून दुसऱ्या बाजूला लावतात, सीटची पाठ उलटी करतात आणि प्रवाशांनी बाजू बदलायची, म्हणजे दरीची बाजू सगळ्यांना मिळते. हे फार आवडलं मला.

पाचवा दिवस, ग्लेशियर बे

ह्या दिवशी कुठे उतरायचंच नाही, आणि हाच दिवस सगळ्यात मोठा.

सकाळी एक छोटी बोट आमच्या चालत्या बोटीला येऊन भिडली आणि दोरीच्या शिडीने नॅशनल पार्कचे रेंजर वर चढले. (मला पडाव आठवला.) मग दिवसभर ते लाउडस्पीकरवर सांगत होते. दिवसाला दोनच मोठ्या क्रूझना आत सोडतात, म्हणून अशी शांतता. १७९४ ला जॉर्ज व्हँकुव्हर ह्या इंग्रज दर्यावर्दीच्या मोहिमेतले लोक इथे आले तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, तोंडापाशीच बर्फाची भिंत. १८७९ ला निसर्गाचे अभ्यासक जॉन म्यूर आले तेव्हा तो बर्फ चाळीसेक मैल मागे गेलेला. आज खाडी सुमारे ६५ मैल आत जाते. म्हणजे आम्ही दिवसभर ज्या पाण्यावरून चाललो होतो तिथे माझ्या पणजीच्या पणजीच्या काळात नुसता बर्फ होता. त्याही आधी इथे हूना त्लिंगित ह्या इथल्या मूळ रहिवाशांची गावं होती, बर्फ पुढे आला तसं त्यांना घरं सोडावी लागली, आजही ते ह्या जागेला आपलं मूळ घर मानतात.

मार्जरी ग्लेशियरसमोर बोट थांबली. साधारण मैलभर रुंद आणि पाण्याच्या वर २५० फूट उंच, वीस-पंचवीस मजल्यांची निळी भिंत. निळी का, तर दाबलेला बर्फ उजेडातला लाल रंग शोषून घेतो. शेजारचं ग्रँड पॅसिफिक मात्र दगडमातीने काळं, सांगितल्याशिवाय बर्फ आहे हे कळतही नाही. आमच्या बोटीने तिथे तासभर थांबून सावकाश गिरकी घेतली, आधी एक बाजू मग दुसरी. त्यामुळे माई आपल्या बाल्कनीत, पायावर घोंगडी, डोक्याला मफलर, हातात चहा, आणि समोर ग्लेशियर. खुर्ची हलवावी लागली नाही.

आधी आवाज आला असं वाटलं पण तसं नाही, आधी दिसतं. भिंतीचा एक तुकडा, दुमजली घराएवढा असेल, सुटला, अगदी सावकाश खाली आला, पाणी उसळलं, आणि मग गडगडाट. त्लिंगित लोक ह्याला पांढरा गडगडाट म्हणतात असं रेंजर म्हणाल्या. सगळ्या बोटीवर कोणी बोलेना. हे कठड्याला धरून उभे होते, काठीशिवाय, किती वेळ ते मी मोजलं नाही, मीही शेजारी उभीच होते. दोन वर्षांत आम्ही असं एका गोष्टीकडे दोघांनी मिळून बघितलंच नव्हतं. दवाखान्यातले रिपोर्ट सोडून.

नंतर माई म्हणाल्या, तुझे भावजी असते तर, आणि थांबल्या. मीपण काही बोलले नाही, नुसती त्यांची घोंगडी नीट केली. त्या संध्याकाळी पत्ते झाले नाहीत.

सहावा दिवस, केचिकन

पाऊस. इथे वर्षाला जवळपास १५० इंच पडतो, आम्ही कोकणातली माणसं, आम्हाला काय त्याचं. हे आणि माई बोटीवर सात-आठ खेळत बसले, मी छत्री घेऊन दोन तास एकटी फिरले. ओढ्यावर लाकडी खांबांवर उभी घरं, क्रीक स्ट्रीट म्हणतात, आणि ठिकठिकाणी टोटेम पोल, गरुड, कावळा, अस्वल असे एकावर एक कोरलेले.

इथला मान सालमन माशाचा. समुद्रात काही वर्षं काढून तो ज्या ओढ्यात जन्मला तिथेच परत येतो, वासावरून वाट ओळखतो, प्रवाहाच्या उलट चढतो, अंडी घालून तिथेच मरतो. आम्ही गेलो तेव्हा त्यांची मोठी झुंड यायची होती. आपल्या रावसाला बाजारात इंडियन सालमन म्हणतात, पण दोघांचं नातं काही नाही. ओढ्यात त्यांच्यासाठी पायऱ्या केल्यात त्या मात्र बघितल्या, आणि पुलावर उभी राहून मी वेंगुर्ल्याला फोन लावला, आमचं जुनं घर आता पुतण्या बघतो. म्हणलं दिवाळीला येतोय, ओटी झाडून ठेव.

सातवा दिवस, व्हिक्टोरिया

दिवसभर समुद्र, संध्याकाळी व्हिक्टोरिया. पासपोर्ट, व्हिसा हातात, तपासणी. तीनच तास मिळाले, टॅक्सीने बंदरावर चक्कर मारली, १९०८ चं एम्प्रेस हॉटेल आणि दिव्यांनी उजळलेली पार्लमेंटची इमारत गाडीतूनच बघितली. माई दमल्या होत्या. रात्री अकराच्या आत बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, उद्याचे कपडे आणि गोळ्या काढून मग. शेजारच्या रूममधल्या काकांनी पायजमा सोडून सगळंच बॅगेत भरलं होतं, बिचारे, त्यांच्या बायकोने धावत जाऊन परत आणली.

शेवटचा डाव माईंनी जिंकला.

आठवा दिवस, परत सिॲटल

पहाटे डोळे उघडले तेव्हा बोट लागलेली होती, इंजिनाची घरघर नाही त्यानेच जाग आली. नाश्त्याला आमचा गोव्याचा मुलगा होता. माईंनी उरलेला आलेपाक, अर्धा डबा होता, त्याच्या हातात दिला. त्याने वास घेतला आणि डोळे मिटले. त्याचं काँट्रॅक्ट संपायला अजून चार महिने होते. म्हणाला, चवथीक घरा पावना हांव, पूण नातलाक खंडीत. चवथीला नाही पण नाताळला नक्की. माईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तो वाकला तेव्हा कुठे त्यांचा हात पोचला.

धक्क्यावर मुलगा उभा होता. गाडीत बसल्या बसल्या ह्यांनी त्याला विचारलं, नॉर्वेला पण अशीच बोट जाते म्हणतात, कुठून सुटते रे ती?